झिजायचे कोणी, तुटायचे कोणी

अमेरिकेतल्या मिशिगन, विस्कॉन्सिन, न्यूयॉर्क या राज्यांत किंवा कॅनडाच्या ऑन्टारिओत रात्रभर हिम पडले की पहाटे नगरपालिकेचा नांगर रस्त्यावरून फिरतो. रस्ता मोकळा होतो, पण बाजूला सारलेले हिम प्रत्येक घराच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी साचते. टोरोंटो किंवा शिकागोकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा ढीग चांगलाच परिचयाचा आहे. अंगणात पडलेले ताजे, कोरडे हिम घनमीटरला जेमतेम ५० ते १०० किलो भरते. तोंडाशी साचलेला ढीग त्याच्या कितीतरी पट जड असतो. त्यात चाकांखाली दबून घट्ट झालेली ढेकळे असतात, मीठ आणि वाळू असते, खडी असते, डांबराचे उखडलेले तुकडे असतात. सकाळचे वर्तमानपत्रही कधीकधी त्यातच गोठलेले असते. गार्डन ट्रॅक्टरच्या पुढ्यात जोडलेल्या स्नो ब्लोअरची खरी परीक्षा इथे होते. त्याच्या अंगावरची झीज, चिरा आणि वेल्डिंगची ठिगळे यांतली बहुतेक या ढिगानेच दिलेली असतात.

गार्डन ट्रॅक्टर म्हणजे शेतातल्या ट्रॅक्टरचा धाकटा भाऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी शहरांच्या कडेने मोठ्या आवारांची घरे वाढली आणि उन्हाळ्यात गवत कापणारे, हिवाळ्यात हिम उडवणारे छोटे ट्रॅक्टर घरोघर आले. इंडियाना राज्यातल्या साउथ बेंडमध्ये १९४६ साली व्हील हॉर्स सुरू झाली. १९६१च्या सुमारास इंटरनॅशनल हार्वेस्टरने कब कॅडेट आणला, १९६३ साली जॉन डिअरने ११० हे मॉडेल काढले. विस्कॉन्सिनमधल्या पोर्ट वॉशिंग्टन या एकाच गावात सिम्प्लिसिटी आणि बोलेन्स असे दोन कारखाने होते. यांतल्या अनेक ट्रॅक्टरांवर कोहलरची बिडाची, एका सिलिंडरची इंजिने असत, आठ ते सोळा अश्वशक्तीची. ती इतकी दणकट निघाली की पन्नास-साठ वर्षांनंतरही बरीच चालू आहेत. इंजिनाचे पिस्टन, गॅस्केट, कार्ब्युरेटर आजही मिळतात. मिळत नाही ती ब्लोअरची पत्र्याची पेटी आणि तिच्यातले फिरते पाते. असे भाग कंपन्यांनी केव्हाच बंद केले. म्हणून ट्रॅक्टरमालक वेल्डरचे दार ठोठावतो, किंवा स्वतःच गॅरेजमध्ये वेल्डिंग मशीन घेऊन बसतो.

हिम फेकणाऱ्या यंत्राची कल्पना मात्र ट्रॅक्टरपेक्षा बरीच जुनी. टोरोंटोचे दंतवैद्य जे. डब्ल्यू. एलियट यांनी १८६९ साली रेल्वेसाठी फिरत्या पात्यांच्या हिम-नांगराचा आराखडा केला होता. पुढे कॅनडातच तसे नांगर रुळांवर धावू लागले. रस्त्यावर चालणारे यंत्र क्युबेकच्या आर्थर सिकार्ड यांनी १९२५ साली तयार केले आणि दोन वर्षांनी मॉन्ट्रियलला लागून असलेल्या आउट्रमॉन्टने ते विकत घेतले. तत्त्व आजही तेच आहे. हिम आत ओढायचे, त्याला वेग द्यायचा आणि वळणदार नळीतून दूर फेकायचे.

गार्डन ट्रॅक्टरवरचे जुने ब्लोअर बहुधा एका टप्प्याचे असतात. तीन ते चार फूट रुंदीची, पुढून उघडी पत्र्याची पेटी. तिच्यात आडवा शाफ्ट आणि शाफ्टभोवती मळसूत्रासारखे पिळलेले पाते, म्हणजे ऑगर. डाव्या बाजूचा पीळ आणि उजव्या बाजूचा पीळ एकमेकांच्या उलट असतो, त्यामुळे हिम दोन्हीकडून मध्यभागी सरकते आणि तिथल्या फळ्या ते वर नळीत भिरकावतात. इंजिनाचा जोर पट्ट्याने पुढे येतो आणि पुढचा शेवटचा टप्पा चेनने गाठतो. दोन टप्प्यांच्या ब्लोअरमध्ये ऑगर सावकाश फिरतो, फक्त हिम गोळा करतो. फेकण्याचे काम मागची पंखी करते. ऑगर संथ, पंखी वेगवान आणि दोघांमध्ये गियरबॉक्स.

आता झिजेचा प्रश्न. हिम पोलादाला झिजवत नाही. खनिजांचा कठीणपणा मोजणाऱ्या मोह्जच्या मापावर शून्य अंशाच्या आसपासचा बर्फ दीडच्या जवळ येतो. साधे पोलाद चार-पाचच्या घरात आणि रस्त्यावरच्या वाळूतला क्वार्ट्झ सातवर. म्हणजे ब्लोअरची सगळी झीज हिमात लपलेल्या वाळूची आणि खालच्या काँक्रीटची करणी. ब्रिटिश अभियंता जे. एफ. आर्चर्ड यांनी १९५३ साली झिजेचा एक साधा नियम मांडला. घासून निघणारा धातू दाबाच्या आणि घासलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो, आणि पृष्ठभाग जितका कठीण तितका तो कमी होतो. ब्लोअरला हा नियम लावला की झिजेचा नकाशा आपोआप उलगडतो. वजन कुठे टेकते आणि कोणता भाग सगळ्यात लांबचे अंतर जमिनीला घासत जातो, एवढेच पाहायचे.

पेटीच्या दोन्ही बाजूंना खाली स्किड शू असतात. या घसरपट्ट्यांवर ब्लोअरचे वजन टेकते. काँक्रीटच्या ड्राइव्हवेवर त्या पेटीला जमिनीपासून सुमारे तीन मिलिमीटर वर धरतात, खडीच्या वाटेवर इंचभर किंवा थोडे अधिक. दोन्हींच्या मध्ये, पेटीच्या खालच्या कडेला, स्क्रेपर बार नावाची आडवी पट्टी बोल्टने बसवलेली असते. ती शेवटचा थर खरवडते. हे तिन्ही भाग मुद्दाम सुटे ठेवलेले आहेत. अभियंत्यांनी ठरवलेच होते की झिजायचे ते यांनी. बोल्ट काढायचे, नवे लावायचे, पेटीला धक्का नाही. बऱ्याच पट्ट्यांना दोन्ही कडांना सारखीच भोके असतात, म्हणजे एक कड झिजली की उलटी करून दुसरी वापरता येते.

घोटाळा होतो तो या भागांकडे पाहायचे राहून गेल्यावर. स्किड शू झिजत झिजत बोल्टच्या डोक्यापर्यंत येतात, मग डोकीही झिजतात. एके दिवशी पेटीच्या बाजूचा पत्रा थेट काँक्रीटवर टेकतो. हा पत्रा दोन-तीन मिलिमीटर जाडीचा असतो. एका हिवाळ्यात त्याची खालची कड कात्रीसारखी धारदार होते, दुसऱ्या हिवाळ्यात बोल्टची भोके उघडी पडतात आणि नवे स्किड शू लावायला धातूच उरत नाही. स्क्रेपर बारचेही तसेच. पट्टी संपली की तिला धरणारी पेटीची मुडपलेली कड घासू लागते. त्या कडेवरच पेटीचा ताठपणा अवलंबून असतो. ती गेली की सगळी पेटी पिळवटायला लागते, ऑगरच्या दोन टोकांची बेअरिंगे एका रेषेत राहत नाहीत आणि मग बुशही एका अंगाने खाल्ले जातात. थोड्या पैशांच्या एका पट्टीकडे दुर्लक्ष केल्याची किंमत अशी चढत जाते.

झीज भरून काढण्यासाठी जाणकार मालक कठीण पोलाद वापरतात. साध्या पोलादाचा ब्रिनेल कठीणपणा १२० ते १३० असतो. झीजरोधक पोलादाच्या एका प्रचलित प्रतीच्या नावातच ४०० हा आकडा आहे. कठीणपणा तिप्पट म्हणून आयुष्य नेमके तिप्पट, असे मात्र होत नाही. घासणारा क्वार्ट्झ त्याहूनही कठीण असल्याने फायदा मिळतो, पण हिशेबापेक्षा कमी. याच्या अगदी उलटा मार्गही चालतो. अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिलीनचे स्किड शू मऊ असतात, पण गुळगुळीत घसरतात आणि फरशीवर गंजाचे ओरखडे उठवत नाहीत. पेव्हर बसवलेल्या देखण्या ड्राइव्हवेसाठी तेच बरे.

तिसरा उपाय म्हणजे घासणाऱ्या जागी कठीण मिश्रधातूच्या रॉडने वेल्डचा थर चढवणे. मुरमाड रानात चालणाऱ्या रोटाव्हेटरच्या पात्यांनाही अशाच रॉडने जीवदान देतात. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांत उसाच्या मिलच्या रोलरांवर हंगामात वेल्डचे कठीण दाणे चढवतात. तिथे उसावर पकड राहणे हा हेतू झिजेइतकाच महत्त्वाचा असतो. स्किड शूच्या तळाला असा थर दिला तर तो छान टिकतो. ऑगरच्या पातळ कडेला दिला तर बहुतेक वेळा नुकसानच होते. कारण हा थर ठिसूळ असतो, थंड होताना त्याला आडव्या बारीक चिरा पडतात आणि पाते खडीवर आपटले की त्या चिरा खालच्या धातूत उतरू शकतात.

झिजेच्या जोडीला गंज असतोच. रस्त्यावरचे मीठ उणे २१ अंशांपर्यंत पाणी गोठू देत नाही. त्याहून कडक थंडीत काही ठिकाणी कॅल्शियम क्लोराइड टाकतात, आणि हा क्षार हवेतला ओलावा ओढून घेतो. म्हणजे काम संपवून ब्लोअर गॅरेजमध्ये लावला तरी त्याच्या कानाकोपऱ्यांत खारे पाणी टिकून राहते. गॅरेज उबदार असेल तर गंज अधिक जोमाने चालतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा लागते. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून जिथे ठिपक्यांचे वेल्ड मारलेले असतात तिथे फटीत गंज फुगतो आणि पत्रे एकमेकांपासून फाकवतो. वरून रंग शाबूत दिसतो, आणि सांधा आतून उकललेला असतो. हंगाम संपल्यावर पेटी साध्या पाण्याने धुऊन कोरडी करणे आणि सांध्यांत तेल सोडणे एवढ्याने पुष्कळ वाचते. फार थोडे लोक ते करतात.

पण या यंत्रातली सगळ्यात शहाणी गोष्ट म्हणजे शिअर पिन. ऑगरचे पाते ज्या नळीवर असते ती नळी बऱ्याच ब्लोअरांत आतल्या शाफ्टवर सैल बसवलेली असते. दोघांना एकत्र फिरवते ती आरपार गेलेली एक मऊ पिन किंवा बोल्ट. ढिगात दगड किंवा लाकडाचा ओंडका अडकला की पाते थांबते, शाफ्ट फिरतच राहतो आणि पिन कापली जाते. पाच मिनिटांत नवी पिन घालून काम पुढे सुरू. गियर, चेन, शाफ्ट, सगळे सुखरूप.

पिन वारंवार तुटू लागली की मालक वैतागतो आणि डब्यातला कुठलाही बोल्ट ठोकतो. अमेरिकी मापात बोल्टच्या डोक्यावर रेघा नसतील तर तो दुसऱ्या प्रतीचा आणि मऊ, तीन रेघा असतील तर पाचव्या प्रतीचा, सहा असतील तर आठव्या प्रतीचा. मऊ बोल्ट दर चौरस इंचाला ७४ हजार पौंडांचा ताण सोसतो, सहा रेघांचा दीड लाख पौंडांचा. कापले जाण्याची ताकद ढोबळमानाने त्याच्या साठ टक्के धरतात. पाव इंची बोल्टचा हिशेब केला तर मऊ बोल्ट एका कापाला सुमारे एक हजार किलोच्या जोराने तुटेल आणि कठीण बोल्टला दोन हजार किलो लागतील. मधले एक हजार किलो कुठे जातात? ते ऑगरच्या पात्याला, पात्याच्या आधाराला, चेनला आणि गियरच्या दातांना सोसावे लागतात. म्हणून कंपनीने सांगितलेल्या प्रतीचीच पिन घालावी. ती सारखी तुटत असेल तर कारण ढिगात किंवा चालवण्याच्या घाईत शोधावे.

याहून फसवा प्रकार गंजाचा. नळी आणि शाफ्ट यांच्यामध्ये खारे पाणी शिरते आणि दोघे गंजाने एकजीव होतात. आता पिन असून नसल्यासारखी. ती तुटली तरी पाते शाफ्टबरोबर फिरतच राहते, आणि कित्येकदा ती तुटतच नाही, कारण तिच्यावर भार येतच नाही. चालवणाऱ्याला वाटते की यंदा एकही पिन तुटली नाही, यंत्र उत्तम आहे. मग एका सकाळी गियरबॉक्सच फुटतो. दोन टप्प्यांच्या ब्लोअरमध्ये पोलादाचा मळसूत्री गियर आणि त्याला जोडीचे कांस्याचे चाक असते. कांस्य मऊ असल्याने दात त्याचेच सोलले जातात. उपाय अगदी साधा आहे. वर्षातून एकदा पिना काढाव्यात, ग्रीसच्या टोपीतून नवे ग्रीस भरावे आणि ऑगर हाताने शाफ्टवर फिरवून पाहावा. फिरला तर पिन आपले काम करील.

पिनेच्या या रचनेत जे तत्त्व आहे तेच वेल्डिंगच्या वेळी विसरले जाते. वेल्डरला तुटलेली जागा दिसते आणि ती पहिल्यापेक्षा मजबूत करावीशी वाटते. वेल्डचा रॉड वितळून बनलेला धातू खरोखरच पत्र्यापेक्षा बळकट असतो. ई ७०१८ या रॉडच्या नावातले ७० म्हणजे दर चौरस इंचाला ७० हजार पौंड. तरीही दुरुस्ती पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तुटते, आणि तुटते ती वेल्डच्या शेजारी, जिथे वेल्डची कड पत्र्याला मिळते. तिथे आकार एकदम बदलतो, म्हणून ताण एकवटतो. शेजारचा धातू तापून, भरकन थंड होऊन बदललेला असतो. करंट जास्त असेल तर वेल्डच्या कडेने पत्र्यात बारीक चर खोदला जातो. ब्लोअर सतत थरथरतो, तेव्हा त्या जागेवरचा भार क्षणाक्षणाला बदलतो आणि चीर कणाकणाने पुढे सरकते. धातूच्या या थकव्याचा पद्धतशीर अभ्यास जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलर यांनी एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आसांवर केला होता. वेल्डच्या सांध्याबाबत त्यात एक खुबी आहे. थकवा सोसण्याची सांध्याची ताकद मूळ पोलाद किती बळकट यावर जवळपास अवलंबून नसते. ती सांध्याच्या आकारावर ठरते. महाग पत्रा वापरून वाईट वेल्ड वाचत नाही.

त्यात थंडी भर घालते. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात स्केनेक्टडी नावाचे नवे कोरे तेलवाहू जहाज शांत पाण्यात, धक्क्याला बांधलेले असताना मधोमध मोडले. हवा शून्याच्या थोडी खाली होती. युद्धकाळातल्या वेल्ड केलेल्या लिबर्टी जहाजांनाही अशा चिरा पडत होत्या आणि सगळा दोष वेल्डरांवर टाकला जात होता. केंब्रिजमधल्या धातुशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिले की त्या काळचे पोलाद ठरावीक तापमानाच्या खाली लवचीकपणा सोडून ठिसूळ होत होते. रिव्हेटच्या जहाजात एका पत्र्यातली चीर पत्र्याच्या कडेला थांबे. वेल्डच्या जहाजात सगळे पत्रे अखंड असल्याने तिला थांबायला जागा नव्हती. शिवाय झाकणांच्या भोकांचे चौकोनी कोपरे ताण एकवटायला कारण होत. ब्लोअर हा जहाजाच्या मानाने क्षुल्लक आणि त्याचा पत्रा पातळ, म्हणून तो तसा एका फटक्यात दुभंगत नाही. पण जिथे जाड तुकडे जोडलेले असतात, कोपरे टोकदार असतात आणि काम उणे वीस अंशांत चालते, तिथे हाच धडा लागू पडतो.

म्हणून चांगले ठिगळ कसे असते ते ओळखता येते. त्याचे कोपरे गोल कापलेले असतात. त्याची जाडी मूळ पत्र्याएवढीच, फार तर थोडी अधिक. तीन मिलिमीटरच्या पत्र्यावर दहा मिलिमीटरची पट्टी जडवली की सगळी लवचीकता पट्टीच्या कडेला गोळा होते आणि पत्रा तिथेच फाटतो. जुनी चीर भरायची असेल तर आधी तिचे टोक शोधावे लागते. लाल रंग चिरेत मुरवून वरून पांढरी भुकटी फवारली की डोळ्यांना न दिसणारे टोकही लाल रेघेने दिसते. त्या टोकाला पाच-सहा मिलिमीटरचे भोक पाडले की चिरेची अणकुचीदार धार बोथट होते. मग चीर ग्राइंडरने खोल करून भरायची. हे न करता वरच्या वर रॉड फिरवला तर चीर ठिगळाखालून चालत राहते आणि पलीकडून बाहेर येते.

त्याआधी रंग, ग्रीस, गंज घासून चकचकीत धातू उघडा करणे आलेच. गंजावर मारलेल्या वेल्डमध्ये वायूचे बुडबुडे अडकतात, आणि जो पत्रा गंजाने वाळलेल्या पानाइतका पातळ झाला आहे तो कितीही हलक्या हाताने वेल्ड केला तरी जळून त्याला भोक पडते. अशा ठिकाणी खराब पत्रा कापून टाकून निरोगी धातूपर्यंत जाण्याला पर्याय नाही. पातळ पत्र्यावर सलग वेल्ड न ओढता टाके मारत, जागा बदलत, मध्ये थंड होऊ देत काम करावे लागते. घाईच्या कामाची निशाणी म्हणजे पत्र्यावर नुसते चिकटलेले फुगीर गोळे. धातू वितळलेला असतो, पण पत्र्यात मुरलेला नसतो.

ऑगर हे सगळ्यात अवघड काम. पिळलेले पाते आणि त्याला शाफ्टशी धरणारे आडवे हात यांच्या सांध्यावर चिरा पडतात. वेल्डचा धातू थंड होताना आक्रसतो आणि शाफ्टला आपल्याकडे ओढतो. एकाच बाजूने सगळे टाके मारले की सरळ शाफ्ट वाकतो. तीन-चार फूट लांबीत दोन मिलिमीटरचा बाक आला तरी पाते प्रत्येक फेऱ्याला एकीकडे पेटीला घासते आणि टोकांच्या बेअरिंगांना हादरे देते. जाणता वेल्डर एक टाका इकडे, दुसरा अर्धा फेरा फिरवून समोर असे करत जातो. शाफ्ट दोन आधारांवर ठेवून मधूनमधून फिरवून पाहतो. झिजलेल्या पात्याच्या कडेला वाढीव पट्टी जोडायची असेल तर दोन्ही बाजूंना सारखीच लांबी ठेवावी लागते, आणि पेटीपासूनचे अंतर मोजूनच काम हाती घ्यावे लागते.

पंखीच्या बाबतीत तोल आणखी नाजूक. साधारण ३५ सेंटिमीटर व्यासाची पंखी मिनिटाला हजार फेरे घेत असेल तर तिच्या कडेचा वेग सेकंदाला १८ मीटर होतो, म्हणजे ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास. पंखीची टोके आणि पेटी झिजून मधली फट वाढली की ओले हिम मागे घसरते आणि नळी तुंबते. अशा वेळी टोकांवर वेल्डने धातू चढवण्याचा मोह होतो. एका पात्याला थोडा जास्त धातू लागला तरी पंखी थरथरू लागते आणि मागचे बेअरिंग लवकर जाते. त्यापेक्षा बऱ्याच जणांनी पत्करलेला मार्ग शहाणपणाचा आहे. जाड रबराच्या पट्ट्या समोरासमोरच्या पात्यांना बोल्टने बसवायच्या. रबर पेटीला चाटत फट बुजवते आणि झिजले की बदलता येते. झिजणारा भाग पुन्हा सुटा झाला, हे इथे महत्त्वाचे.

गियरबॉक्सचे कवच बहुधा बिडाचे असते, आणि बिडावर साधा रॉड चालत नाही. साध्या पोलादात कार्बन पाव टक्क्याहूनही कमी असतो, बिडात दोन ते चार टक्के. साधा वेल्ड तो कार्बन शोषून काचेसारखा कडक होतो आणि थंड होतानाच तडकतो. निकेलचा रॉड, इंच-इंचाचे छोटे वेल्ड, प्रत्येकावर हातोडीचे हलके ठोके आणि राखेत किंवा वाळूत सावकाश थंड होणे, किंवा वेल्डऐवजी पितळी ब्रेझिंग, एवढाच मार्ग उरतो.

वेल्डिंगमुळे होणारी काही हानी दिसतच नाही. अर्थिंगचा चिमटा ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला लावून पुढे ब्लोअरवर वेल्ड केला तर करंट वाटेतल्या बेअरिंगांतून जातो. गोळ्या आणि कडी यांच्या स्पर्शबिंदूंवर सूक्ष्म ठिणग्या पडतात आणि काही महिन्यांनी बेअरिंग घरघरू लागते. कोणालाच त्याचा वेल्डशी संबंध लक्षात येत नाही. चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावावा, बॅटरीच्या वायरी काढाव्यात, आणि खरे तर ब्लोअर ट्रॅक्टरपासून सोडवूनच काम करावे, कारण पेट्रोलची टाकी हाताच्या अंतरावर असते. जस्ताचा मुलामा दिलेले बोल्ट तापले तर त्यांचा धूर घेऊन वेल्डरला त्याच रात्री थंडी-ताप भरू शकतो.

वेल्ड नेहमी शत्रूच असतो असे नाही. गंजलेला बोल्ट डोक्यापाशी तुटून भोकातच राहिला तर उरलेल्या खुंटावर नवा नट ठेवून आतून वेल्ड भरतात. उष्णतेने खुंट प्रसरण पावतो, थंड होताना आक्रसतो, गंजाची पकड सुटते आणि नटाला पाना लावून सगळे बाहेर येते. स्क्रेपर बारचे कुजलेले बोल्ट याच युक्तीने निघतात. पेटीच्या झिजलेल्या बाजूंना खाली नव्या पत्र्याची पट्टी जोडून तिला स्किड शूसाठी पुन्हा भोके पाडली तर ब्लोअरला आणखी वीस वर्षे सहज मिळतात. अशा वेल्डने झिजणारा भाग परत बदलण्याजोगा केलेला असतो.

जुना ब्लोअर विकत घेणाऱ्याने म्हणूनच रंगाकडे पाहू नये. आधी पेटी उलटी करून बाजूंच्या खालच्या कडा आणि स्किड शूची भोके पाहावीत. ताज्या रंगातून तपकिरी रेघ झिरपलेली दिसली की तिथे चीर आहे, कारण चिरेतून गंज बाहेर येतोच. पत्र्यावर छोट्या हातोडीने वाजवत जावे. सांधा धड असेल तर खणखणीत आवाज येतो, उकललेला असेल तर बद्द येतो. चेन बोटाने उचलून पाहावी. चेन ताणली गेली असे म्हणतात, पण ताणत काहीच नाही, कड्यांच्या पिना झिजून लांबी वाढते आणि मग चेन दातांवर चढू लागते. इंजिन बंद करून, स्पार्क प्लगची वायर काढून ऑगर हाताने मागे-पुढे हलवावा आणि बुश किती सैल आहेत ते पाहावे. शेवटी शिअर पिना काढून तो शाफ्टवर मोकळा फिरतो का ते पाहावे. काही ब्लोअरांत आधीच्या मालकाने पिनेचा त्रास कायमचा मिटवण्यासाठी ऑगर शाफ्टलाच वेल्ड करून टाकलेला असतो. असा वेल्ड दिसला तर गियरबॉक्स उघडून कांस्याच्या चाकाचे दात, किंवा चेनचा ब्लोअर असेल तर दातेचक्र आणि त्याची चावी तपासल्याशिवाय किमतीची बोलणी करू नयेत.